रक्तानें दिलेली साक्ष

रोग कोणता, हा प्रश्न वैद्याचा. रोगी वांचेल काय, हा प्रश्न घरच्यांचा. वैद्यकाच्या ग्रंथांत पहिल्या प्रश्नाचीं उत्तरें विपुल आहेत. दुसऱ्याचें उत्तर मात्र शतकानुशतकें वैद्याच्या बोटांत, त्याच्या डोळ्यांत आणि पुष्कळदां त्याच्या मौनांतच राहिलें. आपल्याकडील वैद्य नाडी पाहत, जीभ पाहत, आणि सन्निपातज्वर असला तर सातवा, दहावा, बारावा दिवस मोजीत. युरोपांतील डॉक्टरहि न्यूमोनियाच्या रोग्याच्या उशाशीं असेच दिवस मोजीत बसत. आठवडा उलटण्याच्या सुमारास ताप एकाएकीं उतरून अंगाला दरदरून घाम सुटला, तर रोगी संकटांतून पार पडला असें समजावयाचें. तोंवर कोणाच्याच हातीं कांहीं नसे.

छातीच्या तापाचा रोगी कोणत्या वाटेनें जाणार, हें त्याच्या रक्तांतील एखाद्या द्रव्यावरून ओळखतां यावें, ही धडपड अवघ्या शंभर वर्षांची आहे. सी.आर.पी., डी-डायमर, फेरिटिन, आय.एल.-६ हे शब्द २०२१ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांतील घरोघरीं जाऊन पोहोंचले. प्रयोगशाळेचा कागद हातीं आला कीं, छापील मर्यादेहून अधिक असलेला प्रत्येक आंकडा काळजांत धस्स करी. हीं द्रव्यें कोणाला, कोठें आणि कशीं सांपडलीं, हें मात्र फार थोड्यांना ठाऊक होतें. आणि तें ठाऊक नसल्यामुळेंच त्या आंकड्यांजवळ जें मागूं नये तेंहि पुष्कळांनीं मागितलें.

आधीं १९१८ सालाकडे वळावयास हवें. त्या वर्षीं जून महिन्यांत मुंबईंत सात पोलीस शिपाई तापानें रुग्णालयांत दाखल झाले. ताप हिंवतापाचा नव्हता. इन्फ्लुएंझाची ही पहिली लाट त्या मानानें सौम्य गेली. सप्टेंबरांत दुसरी आली, आणि ६ ऑक्टोबर या एका दिवशीं मुंबई शहरांत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. महाराष्ट्रांतील लोकांनीं या साथीला मानमोडी हें नांव दिलें. हिंदुस्थानांत तिनें घेतलेल्या बळींची संख्या बहुतेक अभ्यासक सव्वा कोटीच्या आसपास किंवा तिच्याहि वर धरतात. विशेष भयंकर गोष्ट ही कीं, मरणाऱ्यांत वीस ते चाळीस वर्षांच्या धडधाकट माणसांचा भरणा फार होता. म्हातारा बाप वांचे आणि कर्ता मुलगा चार दिवसांत जाई. वय, बांधा, पूर्वींची प्रकृति हीं अजमासाचीं जुनीं साधनें या साथीनें एका फटक्यासरशीं खोटीं पाडलीं.

मग उरला तो रंग. ब्रिटिश सैन्यांतील डॉक्टरांच्या ध्यानांत आलें कीं, ज्या रोग्याचे ओठ, कान आणि गाल निळसर-जांभळे होऊं लागतात तो बहुधा वांचत नाहीं. हेलिओट्रोप नांवाच्या जांभळ्या फुलावरून त्यांनीं या रंगाला नांव दिलें. १९२० सालीं ब्रिटिश आरोग्य मंत्रालयानें साथीवरील जो मोठा अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत हर्बर्ट फ्रेंच या डॉक्टरांच्या प्रकरणाबरोबर अशा रोग्यांच्या चेहऱ्यांचीं रंगीत चित्रें छापलेलीं आहेत. ही खूण पोकळ नव्हती. रक्तांतील हिमोग्लोबिनाजवळ प्राणवायु असतो तेव्हां तें लालभडक दिसतें. तो निघून गेला म्हणजे काळपट जांभळें होतें. जांभळा ओठ म्हणजे फुप्फुसें भरून आल्याची आणि प्राणवायु रक्तांत पोहोंचत नसल्याची निशाणी. एका अर्थानें रोगाच्या तीव्रतेची ही रेणूंनीं दिलेलीच साक्ष होती. फक्त पाहणाऱ्याला रेणु दिसत नव्हता, चेहरा दिसत होता. तिच्यांत दोन उणिवा होत्या. ती फार उशिरां मिळे, आणि गोऱ्या कातडीवर ती जितकी स्पष्ट उमटे तितकी सांवळ्या कातडीवर उमटत नसे. मुंबईच्या चाळींतील किंवा दख्खनच्या खेड्यांतील रोग्याचा चेहरा लंडनच्या त्या चित्रांशीं ताडून पाहणें सोपें नव्हतें.

त्याच १९१८ सालीं स्टॉकहोम येथें रॉबिन फोरेउस हा तरुण डॉक्टर, गरोदरपण रक्तावरून ओळखतां येईल काय, याचा शोध घेत होता. नळींत उभें ठेवलेलें रक्त पाहतां पाहतां त्याला दिसलें कीं, कांहीं माणसांच्या रक्तांतील तांबड्या पेशी इतरांहून भरभर तळाशीं बसतात. बिएर्नात्स्की या पोलिश डॉक्टरानें १८९७ मध्यें हें पाहिलेलें होतें. पण त्याचें कोणीं फारसें ऐकलें नव्हतें. पुढें १९२१ मध्यें वेस्टरग्रेन यांनीं क्षयाच्या रोग्यांवर ही परीक्षा पद्धतशीर करून दाखविली, आणि 'ई.एस.आर.' या नांवानें ती जगभर पसरली. फोरेउस यांचा एक तर्क मोठा मनोरंजक आहे. प्राचीन ग्रीकांची चार दोषांची कल्पना भांड्यांत थिजत ठेवलेल्या रक्ताचे थर पाहूनच निघाली असावी, असें त्यांचें मत होतें. तें खरें असो वा नसो, त्यांच्या परीक्षेचा दोष असा कीं, शरीरांत कांहीं तरी बिनसलें आहे एवढेंच ती सांगे. काय बिनसलें आणि किती, हें तिला नेमकें सांगतां येत नसे.

नेमकें बोलणारा पहिला साक्षीदार १९३० मध्यें न्यूयॉर्क येथें सांपडला. रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयांत ऑस्वाल्ड एव्हरी यांची प्रयोगशाळा न्यूमोनियाच्या जंतूचा, म्हणजे न्यूमोकॉकसचा, वर्षानुवर्षें अभ्यास करीत होती. सल्फा औषधें अद्याप निघालीं नव्हतीं, पेनिसिलिन रोग्यापर्यंत आलें नव्हतें. प्रत्येक हिंवाळ्यांत तेथील खाटा भरत आणि त्यांवरील कितीएक रोगी परत घरीं जात नसत. जंतूच्या शरीराचे भाग वेगळे काढून, रोग्याचा रक्तरस त्यांच्याशीं काय वर्तन करतो हें तेथें पाहत असत. अशा एका भागाला नुसतें 'सी' हें अक्षर दिलेलें होतें.

विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे तेथील दोन तरुण डॉक्टर. रोगी बरा होऊं लागला म्हणजे त्याच्या रक्तांत जंतूविरुद्ध प्रतिपिंडें दिसूं लागतात, हें त्यांना माहीत होतें. 'सी' भागाशीं मात्र उलटेंच घडलें. रोगी अत्यवस्थ असतांना घेतलेला रक्तरस त्या भागांत मिसळला कीं, नळींत गढूळ सांका धरे. ताप उतरल्यानंतर त्याच रोग्याचा रक्तरस घेतला तर कांहींच होत नसे. प्रतिपिंड दुखणें सरतां सरतां येतें; हें द्रव्य दुखण्याबरोबर येई आणि दुखण्याबरोबर जाई. पुढचें आश्चर्य त्याहून मोठें होतें. संधिवाताच्या तापासारख्या, न्यूमोकॉकसशीं कांहीं संबंध नसलेल्या आजारांतहि तें दिसलें. जंतूचा शोध घ्यावयास निघालेल्या या दोघांच्या हातीं जंतूची नव्हे, तर शरीराच्याच हांकेची खूण लागली होती. त्यांचा लेख त्या वर्षीं 'जर्नल ऑफ एक्स्पेरिमेंटल मेडिसिन' या नियतकालिकांत आला.

पुढें १९४१ मध्यें ॲबरनेथी, मॅक्लाउड आणि एव्हरी यांच्या कामांतून हें द्रव्य म्हणजे एक प्रथिन आहे हें निश्चित झालें. 'सी' भागाशीं प्रतिक्रिया करणारें म्हणून 'सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन', म्हणजेच सी.आर.पी., हें नांव रूढ झालें. रोगाच्या भर वेळीं रक्तांत येणाऱ्या द्रव्यांना 'तीव्रावस्थेचीं प्रथिनें' म्हणण्याची चालहि याच कामांतून पडली. मॅकार्टी यांनीं १९४७ मध्यें त्याचे स्फटिक मिळविले. हींच माणसें मधल्या काळांत दुसरें एक काम करीत होतीं. आनुवंशिक गुण वाहणारें द्रव्य डी.एन.ए. होय, हें एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनीं १९४४ मध्यें त्याच न्यूमोकॉकसच्या साहाय्यानें दाखविलें. त्या तेजापुढें सी.आर.पी.चें काम झांकोळलें गेलें, यांत नवल नाहीं. तें प्रथिन आपलें गरिबीनें रुग्णालयांतच राहिलें. १९५० च्या दशकांत केसासारख्या बारीक नळींत रोग्याचा रक्तरस आणि त्यावरचा उतारा एकत्र करून सांका किती मिलिमीटर चढला तें मोजीत. आतां यंत्र तें एका लिटरला किती मिलिग्राम असें सांगतें. निरोगी माणसांत तें सहसा अगदीं थोडें असतें; गंभीर आजारांत शेंकडों मिलिग्रामांपर्यंत चढतें. यकृत तें तयार करतें. शरीरास इजा झाल्यापासून सहा-आठ तासांत तें वाढूं लागतें, दोन दिवसांच्या सुमारास शिखर गांठतें, आणि कारण दूर झालें म्हणजे सुमारें एकोणीस तासांत निम्मे या वेगानें उतरतें. चांगल्या साक्षीदाराला हवे ते गुण त्यांत आहेत: तें उशीर करीत नाहीं, आणि झालें गेलें धरूनहि बसत नाहीं.

टिलेट आणि फ्रान्सिस यांचें पुढें काय झालें, हेंहि येथें सांगितलें पाहिजे; कारण नव्वद वर्षांनंतरच्या साथींत जीं नांवें कागदोपत्रीं एकत्र आलीं, त्यांचे धागे या दोघांच्याच हातांत होते. टिलेट यांनीं १९३३ मध्यें गार्नर यांच्यासह दाखविलें कीं, स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जंतूपासून निघणारें एक द्रव्य रक्ताची गुठळी विरघळवून टाकतें. गुठळी विरघळतांना तिचे जे तुकडे पडतात, त्यांतील एका जोड-तुकड्याला पुढें डी-डायमर म्हणूं लागले. फ्रान्सिस हे इन्फ्लुएंझाकडे वळले. लंडन येथें १९३३ मध्यें स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनीं फेरेट नांवाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या साहाय्यानें माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणु वेगळा केला, आणि मानमोडीच्या वेळीं ज्या जंतूवर आळ घेतला होता तो निर्दोष सुटला. पुढच्याच वर्षीं फ्रान्सिस यांनीं अमेरिकेंत तोच विषाणु मिळविला, आणि १९४० मध्यें 'बी' जातीचा दुसरा विषाणु शोधून काढला. एकाच लेखावर सह्या करणाऱ्या दोघांपैकीं एक गुठळीकडे गेला, एक विषाणूकडे गेला; आणि त्यांनीं मागें ठेवलेलें प्रथिन त्या दोहोंमध्यें उभें राहिलें.

यकृताला हें प्रथिन बनवावयास सांगतो कोण, या प्रश्नाचें उत्तर येण्यास मात्र अर्धशतकाहून अधिक काळ लागला. लंडनच्या ज्या संस्थेंत फेरेटांचे प्रयोग झाले तेथेंच १९५७ मध्यें आयझॅक्स आणि लिंडेनमान यांना आढळलें कीं, विषाणूनें ग्रासलेल्या पेशी एक द्रव्य बाहेर सोडतात आणि शेजारच्या पेशी त्यामुळें सावध होतात. त्यास त्यांनीं इंटरफेरॉन हें नांव दिलें. पेशी पेशींना निरोप पाठवितात, ही कल्पना त्यामुळें दृढ झाली. अशाच एका निरोप्याचा जनुक १९८६ मध्यें जपानांतील ओसाका येथें हिरानो, किशिमोटो आणि त्यांचे सहकारी यांनीं ओळखला. प्रतिपिंडें बनविणाऱ्या पेशींना चेतविणारें द्रव्य म्हणून ते त्याकडे पाहत होते. दुसरीकडे कांहीं शास्त्रज्ञ यकृताला चेतविणाऱ्या द्रव्याच्या मागें होते. दोन्ही द्रव्यें एकच निघालीं. इंटरल्यूकिन-६ किंवा आय.एल.-६ तें हेंच. फुप्फुसांत आग लागली कीं, आय.एल.-६ यकृताकडे धांवतें आणि यकृत सी.आर.पी. सोडतें. या निरोप्याची वाट अडविणारें टोसिलिझुमॅब नांवाचें औषधहि जपानांतच तयार झालें आणि प्रथम सांध्यांच्या विकारासारख्या दुखण्यांत वापरांत आलें. मध्यंतरीं, १९९३ मध्यें, पॅरिसच्या डॉक्टरांनीं प्रोकॅल्सिटोनिन हें आणखी एक द्रव्य पुढें आणलें. तें जंतूंच्या गंभीर संसर्गांत फार वाढतें, विषाणूच्या तापांत सहसा नाहीं. छातीच्या तापांत जंतुनाशक औषध द्यावें कीं न द्यावें, या वादांत त्याला तेव्हांपासून बोलावणें येतें.

एवढी सामग्री सिद्ध असतांना २०२० सालाच्या आरंभीं चीनमधील वूहान शहरांतून कोविडची साथ निघाली. तेथील दोन रुग्णालयांतील १९१ प्रौढ रोग्यांचा अभ्यास मार्चमध्यें 'लॅन्सेट'मध्यें आला. त्यांपैकीं ५४ मरण पावले होते. दाखल होतांना ज्यांचें डी-डायमर एका मिलिलिटरला एक मायक्रोग्रामहून अधिक होतें, त्यांच्यांत मृत्यूचें पारडें, वयादि गोष्टींचा हिशेब करूनहि, सुमारें अठरापट जड आढळलें. हा अठराचा आंकडा जगभर गेला. त्याच्या शेजारींच छापलेली दुसरी गोष्ट मात्र फारशी कोणीं वाचली नाहीं: रोगी इतके थोडे होते कीं, खरी पट अडीच असूं शकली असती किंवा सव्वाशेहि. संशोधकांनीं हें लपविलें नव्हतें. घाबरलेलें जग मधला आंकडा तेवढा उचलून चालतें झालें.

महाराष्ट्रांत ९ मार्च २०२० रोजीं पुण्यांत पहिले रोगी आढळले. पण रक्ताच्या या आंकड्यांचा खरा सुळसुळाट झाला तो पुढील वर्षींच्या दुसऱ्या लाटेंत. अंगांत थोडा ताप आणि खोकला असलेल्या माणसाच्याहि सर्व चाचण्या एका दमांत होत, दोन दिवसांनीं पुन्हां होत. एका प्रयोगशाळेचा कागद डी-डायमर ०.५ सांगे, दुसरीचा ५०० सांगे. दोन्ही एकच असूं शकत, कारण एकीचें माप मायक्रोग्रामांत आणि दुसरीचें नॅनोग्रामांत असे. त्यावर आणखी, हें द्रव्य मोजण्याच्या दोन रीती प्रचलित असून एकीचा आंकडा दुसरीच्या सुमारें दुप्पट येतो. घरांतील शिकलेला मुलगा ते कागद शेजारीं शेजारीं ठेवी आणि वडिलांचा आजार एका रात्रींत शेंकडों पटींनीं वाढला असें समजून रुग्णालयांत खाट शोधावयास धांवे. ही थट्टेची गोष्ट नव्हे. त्या दिवसांत खाट, प्राणवायु आणि इंजेक्शन यांपैकीं कांहींच सहज मिळत नव्हतें, आणि भलत्या आंकड्यापायीं खर्ची पडलेला प्रत्येक श्रम कोणा तरी खऱ्या अत्यवस्थ माणसाच्या वाट्याचा होता.

याहून गंभीर परिणाम औषधांचा झाला. आंकडा वर गेला म्हणून, श्वास ठीक असतांनाच, पहिल्या चार-पांच दिवसांत पुष्कळांना स्टेरॉईड दिलें गेलें. ३ मे २०२१ रोजीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनीं सौम्य आजारांत सी.टी. स्कॅन आणि रक्तांतील या खुणांच्या चाचण्या करूं नयेत, आणि स्टेरॉईड लवकर घेणें अपायकारक आहे, असें जाहीरपणें बजावलें. तोंवर उशीर झाला होता. त्या उन्हाळ्यांत म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे लोक ज्याला काळी बुरशी म्हणत त्या रोगाच्या, रोग्यांनीं महाराष्ट्रांतील रुग्णालयें भरलीं. अनियंत्रित मधुमेह हें त्याचें मोठें कारण खरें. पण अवाजवी स्टेरॉईडनें त्याला हात दिला, याविषयीं डॉक्टरांत फारसा मतभेद नाहीं. कितीएकांचे डोळे काढावे लागले.

वास्तविक या प्रश्नाचें उत्तर त्यापूर्वींच, १६ जून २०२० रोजीं, ऑक्सफर्डहून आलेलें होतें. पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांनीं चालविलेल्या 'रिकव्हरी' नांवाच्या विशाल प्रयोगांत डेक्सामेथॅसोन हें जुनें, स्वस्त स्टेरॉईड चिठ्ठ्या टाकाव्या तसें कांहींना दिलें आणि कांहींना दिलें नाहीं. कृत्रिम श्वासयंत्रावर असलेल्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ४१.४ वरून २९.३ वर आलें. नुसता प्राणवायु लागत असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर आलें. प्राणवायूची गरज नसलेल्यांत मात्र लाभ दिसला नाहीं. औषध मिळालेल्यांत शेंकडा १७.८ आणि न मिळालेल्यांत १४ मरण पावले. हा शेवटचा फरक योगायोगाचाहि असूं शकेल. पण औषधाच्या बाजूनें तो खास नव्हता. म्हणजे सीमारेषा रक्तांतील कोणत्याच दुर्मिळ प्रथिनानें आंखली नाहीं. ती आंखली प्राणवायूनें, १९१८ च्या त्या जांभळ्या ओठानें.

ओठ पाहण्याचें काम आतां बोटावरील छोटी चिमटी करते. जपानांतील ताकुओ आओयागी या यंत्रज्ञानें १९७४ च्या सुमारास या ऑक्सिमीटरचें तत्त्व शोधलें: लाल आणि अदृश्य तांबडा असे दोन प्रकाश बोटांतून पलीकडे पाठवावयाचे, आणि नाडीच्या ठोक्याबरोबर कोणता किती अडतो त्यावरून हिमोग्लोबिनाजवळ प्राणवायु किती आहे तें ताडावयाचें. आओयागी एप्रिल २०२० मध्यें वारले. त्यांच्या युक्तीनें किती जीव तोलून धरले हें पाहण्यास ते पुढें राहिले नाहींत. आणि येथेंहि जुनी उणीव सर्वस्वीं गेली नव्हती. फ्रान्सिस यांनीं उत्तरायुष्य ज्या मिशिगन विद्यापीठांत घालविलें तेथील डॉक्टरांनीं डिसेंबर २०२० मध्यें दाखविलें कीं, चिमटी ९२ ते ९६ हा समाधानकारक आंकडा दाखवीत असतां रक्तांत प्राणवायु प्रत्यक्षांत ८८ च्या खालीं गेला असण्याचा प्रकार गोऱ्या रोग्यांत शेंकडा ३.६, तर काळ्या रोग्यांत शेंकडा ११.७ आढळतो. सांवळी कातडी लंडनच्या चित्रकाराला जशी अडली तशीच यंत्रालाहि अडली.

मग टिलेट-फ्रान्सिस यांचें प्रथिन निरुपयोगी ठरलें काय? तसें नाहीं. त्याच 'रिकव्हरी' प्रयोगाचा टोसिलिझुमॅबविषयींचा निकाल फेब्रुवारी २०२१ मध्यें जाहीर झाला. हें औषध आय.एल.-६ ची वाट अडविणारें. तेव्हां तें कोणाला द्यावें हें आय.एल.-६ मोजून ठरवावें, असें कोणालाहि वाटेल, आणि मुंबई-पुण्यांत हजारों रुपये मोजून ती चाचणी केलीहि जात होती. परंतु आय.एल.-६ निरोप्यासारखें आहे. येतें, सांगतें, नाहींसें होतें. त्याची हांक ऐकून यकृतानें जें घडविलें तें सी.आर.पी. रक्तांत टिकतें, कोठेंहि मोजतां येतें आणि मोजण्यास थोडा खर्च लागतो. म्हणून प्रयोगकर्त्यांनीं दार असें ठेवलें: प्राणवायु ९२ च्या खालीं किंवा बाहेरून देणें चालूं, आणि सी.आर.पी. लिटरला ७५ मिलिग्राम किंवा अधिक. अशा ४११६ रोग्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ३५ वरून ३१ वर आलें. ७५ ची रेषा प्रयोगाच्या आरंभींच आंखलेली होती. तिच्या खालच्यांना औषध व्यर्थच, असें कांहीं त्यानें सिद्ध केलें नाहीं. तरीहि एका चाचणीच्या आंकड्याला एका औषधाचें दार नेमून देऊन, त्या दारानें आंत गेल्यास अधिक माणसें वांचतात हें त्यानें दाखविलें.

डी-डायमरला हें भाग्य लाभलें नाहीं. ज्याचें डी-डायमर वाढलें त्याला रक्त पातळ करणारें औषध पूर्ण मात्रेनें द्यावें, हा तर्क सरळ होता. ऑगस्ट २०२१ मध्यें अनेक देशांच्या संयुक्त प्रयोगांचा निकाल आला. अत्यवस्थ रोग्यांना त्या मात्रेचा लाभ झाला नाहीं. रुग्णालयांत असून अत्यवस्थ नसलेल्यांना झाला, आणि तो डी-डायमर अधिक असो वा नसो, झाला. संकट सांगणारी खूण उपाय सांगतेच असें नाहीं, हें कोणाच्या मताचें नव्हे, तर मोजणीचें फळ होतें.

टोसिलिझुमॅबनें आणखी एक गोष्ट केली, तिची जाणीव वॉर्डांतील डॉक्टरांना लौकरच झाली. निरोप्याची वाटच बंद झाल्यावर यकृत गप्प बसतें. रोग्याचें सी.आर.पी. झपाट्यानें उतरतें, मग फुप्फुसांत नवा जंतुसंसर्ग झाला तरी तें वर येईलच असें नाहीं. नातेवाईक उतरलेला आंकडा पाहून देवापुढें साखर ठेवीत; डॉक्टर मात्र त्या दिवसापासून त्या साक्षीदाराचें ऐकणें सोडून पुन्हां रोग्याच्या श्वासाकडे आणि तापाकडे पाहूं लागत.

२०२० पासून या शोधाला निराळें वळण लागलें. मुंबईंत आय.आय.टी.मधील संशोधकांनीं आर्थर रोडजवळच्या कस्तुरबा रुग्णालयांतील रोग्यांच्या रक्तद्रवांतील शेंकडों प्रथिनें एकाच वेळीं मोजून, सौम्य आणि गंभीर रोग्यांत कोणतीं निराळीं दिसतात याचा अभ्यास २०२१ मध्यें प्रसिद्ध केला. एकेका साक्षीदाराऐवजीं सारी सभाच बोलावण्याचा हा मार्ग. पण सी.आर.पी. असो वा ही सभा असो, त्यांची साक्ष आग लागल्यानंतरची. कोणाच्या घरांत आग भडकेल हें आधींच सांगणारी खूण सांपडली ती पुन्हां न्यूयॉर्कच्या त्याच रॉकफेलर संस्थेंत, जी आतां विद्यापीठ झाली आहे.

तेथील झां-लॉरां कासानोव्हा आणि त्यांचे अनेक देशांतील सहकारी यांनीं २०२० मध्यें कोविडनें जीव धोक्यांत आलेल्या ९८७ रोग्यांचें रक्त तपासलें. त्यांतील १०१ जणांत, इंटरफेरॉनलाच निकामी करणारीं प्रतिपिंडें त्यांच्या स्वतःच्या शरीरानें बनविलेलीं आढळलीं. निरोप जाण्यापूर्वींच कापला जात होता. त्या १०१ पैकीं ९५ पुरुष होते. ज्यांना आजार सौम्य झाला किंवा जाणवलाच नाहीं अशा ६६३ जणांत एकाच्याहि रक्तांत हीं प्रतिपिंडें नव्हतीं; निरोगी १२२७ जणांत तीं फक्त चौघांत होतीं. पुढच्या वर्षीं दिसून आलें कीं, सत्तरी ओलांडलेल्या, विषाणूची बाधा न झालेल्या माणसांतहि शेंकडा चारांच्या सुमारास तीं असतात. घरांतील म्हाताऱ्या माणसांना छातीचा ताप अधिक कां भोंवतो, या फार जुन्या प्रश्नाचा एक पदर यानें उलगडला. मग हेंच इन्फ्लुएंझांतहि घडतें काय, याचा शोध झाला. इन्फ्लुएंझाच्या न्यूमोनियानें जीव धोक्यांत आलेल्या २७९ रोग्यांपैकीं शेंकडा पांचांच्या सुमारास लोकांत तींच प्रतिपिंडें सांपडलीं. हा लेख २०२२ मध्यें प्रसिद्ध झाला, तो 'जर्नल ऑफ एक्स्पेरिमेंटल मेडिसिन'मध्यें. टिलेट आणि फ्रान्सिस यांचा, नळींतील गढूळ सांक्याविषयींचा लेख बाण्णव वर्षांपूर्वीं ज्यांत आला होता, त्याच नियतकालिकांत.